कोकणात सर्फिंग यावं का? आणि आलं तर कुणाच्या हातात?

देवगडकर

ऑगस्ट 2025 मध्ये महाबलीपुरमला आशियाई सर्फिंग स्पर्धा झाली. तिथे रमेश बुदिहाळने ब्राँझ मिळवलं. या स्पर्धेतलं भारताचं हे पहिलंच वैयक्तिक पदक. त्या बातमीपासून एक गोष्ट मनात घोळतेय. सर्फिंग, म्हणजे फळीवर उभं राहून लाटेवर स्वार होणं, 2021 मध्ये टोकियोत ऑलिंपिकला पोचलं. भारतात मुल्की, कोवळम, वर्कला, चेन्नईजवळचं कोवलाँग अशी नावं झाली. आपल्याकडे 720 किलोमीटर किनारा असून आपण त्या नकाशावर जवळजवळ नाहीच.

मी मुल्कीला तीनदा जाऊन आलोय. मंगळूरच्या वर, शांभवी नदी समुद्राला मिळते तिथे. जॅक हेबनर हा अमेरिकन संन्यासी, लोक त्याला सर्फिंग स्वामी म्हणायचे, त्याने 2004 च्या सुमाराला तिथे क्लब सुरू केला. पहिला अर्धा तास आम्हाला पाण्यात जाऊच दिलं नाही. वाळूत बोटाने बोर्डाचा आकार काढायचा, त्यावर पालथं पडायचं, छातीजवळ हात रेटून एका झटक्यात दोन्ही पायांवर यायचं. पंचवीस-तीस वेळा. शिकवणारा पोरगा मच्छीमाराच्या घरातला. मागच्या लाटेकडे वळूनही न बघता तो म्हणायचा, "ही सोडा, पुढची घ्या." आणि पुढचीच चांगली असायची! हे ज्ञान कुठल्या कोर्सात मिळत नाही. आपल्या गाबीत-कोळी-खारवी पोरांकडे ते जन्मापासून आहे.

कोवलाँगला मूर्ती मेगवन या मच्छीमाराने गावातल्या पोरांना हाताशी धरून शाळा उभी केली. आपल्या मुंबईच्या इशिता मालवीयने मणिपालला शिकत असताना बोर्ड हातात घेतला आणि उडुपीजवळच्या कोडी बेंगरेत क्लब काढला. मग मिठमुंबरीत, कुणकेश्वरला, तारकर्लीला का नको? डिझेल नाही, कर्कश इंजिन नाही, काँक्रीट नाही. लाट आणि फळी, बस.

रापणकरांची लेक

दादा, तुमची तळमळ कळते. पण "लाट आणि फळी, बस" हे पटलं नाही.

मी मालवणची. आमच्या घरात रापण आहे. होडी जाळं घेऊन अर्धगोल फिरते, दोन टोकांचे दोर किनाऱ्यावर येतात, आणि दोन्हीकडे वीस-वीस माणसं ते ओढत एकमेकांकडे सरकतात. त्या वेळी मधल्या पाण्यात एकही माणूस चालत नाही. मासा बुजतो, जाळं अडकतं. पॅरासेलिंगच्या बोटी आल्या तेव्हापासून हे भांडण आम्ही रोज भांडतोय. तुम्हाला किनारा मोकळा दिसतो, कारण तुम्ही दहा वाजता येता. पहाटे तो मोकळा नसतो. दुपारी तिथे मासळी वाळत असते, जाळी पसरलेली असतात.

स्कूबा आलं तेव्हाही हेच म्हणाले होते, "पोरांना रोजगार." मिळाला, नाही म्हणत नाही. माझा चुलत भाऊ त्यावरच घर चालवतो. पण सोबत काय आलं? मोक्याच्या जागा बाहेरच्यांकडे गेल्या, आणि आमची पोरं हंगामी पगारावर. काका म्हणतात, "रापण ओढूक माणसां गावनत नाय." दोर ओढायला आता परजिल्ह्यातली माणसं आणावी लागतात.

भरतीओहोटी

दोघेही एक मुद्दा सोडताय: हंगाम.

अरबी समुद्रात लाटांना खरी उसळी येते ती नैर्ऋत्य वाऱ्याची, म्हणजे पावसाळ्यात. मंगळूरजवळ पणंबूर आणि ससिहित्लूला राष्ट्रीय स्पर्धा मेअखेर ते जूनच्या सुरुवातीला होतात, त्या याच कारणाने. आपल्याकडे त्याच सुमाराला जलक्रीडा बंद होतात, त्या थेट ऑगस्टअखेरपर्यंत. हे बरोबरच आहे, तो समुद्र नवशिक्याचा नाही. राहिले ऑक्टोबर ते मे. तेव्हा कमरेएवढी लाट, कधी तीही नाही. म्हणजे कोकणात सर्फिंग म्हणजे मुख्यतः शिकाऊ वर्ग. यातून ऑलिंपिकवीर घडेल ही आशा आज तरी धरू नका. मुंबई-पुण्याची माणसं दोन दिवस शिकून जातील, एवढाच धंदा.

दुसरं, लाटा फुटतात त्यांच्या मधल्या शांत पट्ट्यात पाणी बाहेर ओढणारा प्रवाह असतो. माणसं नेमकी तिथेच उतरतात, कारण तिथे लाट कमी दिसते. गोव्यात 2008 पासून किनाऱ्यांवर पगारी जीवरक्षकांची यंत्रणा आहे. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी गावातलीच पोरं धावतात. मे 2022 मध्ये तारकर्लीला स्कूबाची बोट उलटून दोन पर्यटक गेले, विसरलात का? आधी जीवरक्षक, मग बोर्ड. हा क्रम उलटा झाला तर माझा ठाम विरोध.

देवगडकर

हंगामाचं मान्य. मी ते लिहायला हवं होतं. पण शिकाऊ वर्ग ही कमी गोष्ट नाही. गोव्यात मोरजी-आश्वेला हाच धंदा चालतो, याच लहान लाटांवर.

जीवरक्षकांचं तर शंभर टक्के मान्य. फक्त एक जोडतो: रोज पाण्यात असणारा सर्फर त्या प्रवाहाला घाबरत नाही, बाहेर जायला तोच वापरतो. आणि त्याच्या पायाला बांधलेली फळी माणसाला तरंगत ठेवते. बुडणाऱ्यापाशी पहिला पोचणारा बहुतेकदा तोच असेल.

ताई, रापणीचं वाचून मला वाईट वाटलं. दहा वाजताचं बोलणं लागलं, आणि ते खरं आहे.

पेडण्याचा

आश्वेचं नाव निघालं म्हणून लिहितो, कारण माझं बालपण तिथलं. सर्फिंग शिकवणारी मुलं वाईट नव्हती, अजूनही नाहीत. त्यांच्या मागून जे आलं त्याने आम्ही हैराण झालो. आधी चार फळ्या, मग कॅफे, मग दिवे, मग रात्रभर संगीत. मोरजी आणि मांद्र्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवं अंडी घालायला येतात. पिल्लं उजेडाकडे चालतात, समुद्राकडे नव्हे, जर मागचा उजेड जास्त असेल तर. एका फेब्रुवारीत पहाटे मी वाळूवर रेघा पाहिल्या, छोट्या वल्ह्यांसारख्या, सगळ्या एका बंद शॅककडे, म्हणजे किनाऱ्यावरच्या झोपडीवजा हॉटेलाकडे, गेलेल्या. त्यानंतर "काँक्रीट नाही" हे वाक्य मला ऐकवत नाही. फळीला काँक्रीट लागत नाही, फळी भाड्याने घेणाऱ्याला लागतं.

वेळास, आंजर्ल्याला लोकांनी कासवं जपून त्यावर घरगुती पर्यटन उभं केलं. जपायचं असेल तर ते मॉडेल जपा, आमचं घेऊ नका.

देवगडकर

तुमच्या रेघा डोळ्यांसमोरून जात नाहीत. तरी एक बाजू मांडतो, कारण ती मनापासून वाटते.

सर्फरला वाळू जिथे आहे तिथेच हवी असते. स्पेनच्या बास्क प्रदेशात मुंडाका नावाची जगप्रसिद्ध लाट आहे, नदीच्या मुखाशी. वरच्या खाडीत गाळ उपसला, मुखाची वाळू हलली, आणि लाट बिघडली. 2005 ची जागतिक स्पर्धा रद्द झाली. पेरूने तर 2000 मध्ये लाटांच्या संरक्षणाचा कायदाच केला. पॅरिस ऑलिंपिकचं सर्फिंग ताहिती बेटावर होतं. तिथे पंचांसाठी ॲल्युमिनियमचा मनोरा उभारताना डिसेंबर 2023 मध्ये सामान नेणाऱ्या बार्जखाली प्रवाळ तुटलं. त्या मनोऱ्याविरुद्ध सर्फर आणि मच्छीमार एकत्र उभे राहिले. आपल्याकडे खाडीमुखांतून वाळू उपसतात, किनाऱ्यावर दगडी धूपप्रतिबंधक बंधारे टाकतात, पुढची वाळू जाते. तिथे बोलायला आज कोण आहे? मच्छीमार एकटा पडतो. त्याच्या शेजारी आणखी कुणी उभं राहिलं तर नको का?

रापणकरांची लेक

बंधाऱ्याचं सोपं नाही, दादा. देवबाग पाहिलंय ना? एका हाताला कर्ली खाडी, दुसऱ्या हाताला समुद्र, मध्ये चिंचोळी पट्टी. उधाणात पाणी अंगणात येतं. माझी मावशी तिथे राहते. बंधारा मागणारी तीच आहे. तिला "बंधारा घातला की पुढची वाळू जाते" हे मी कशी सांगू? तिला माहीत आहे. तिची माडाची झाडं आधीच गेली आहेत.

पण वाळू उपशाच्या विरोधात तुमची माणसं ग्रामसभेत येऊन उभी राहणार असतील, तर मी ऐकायला तयार आहे. माझं म्हणणं एवढंच. फळ्यांचा परवाना गावातल्या मच्छीमार संस्थेला मिळावा, बाहेरच्या मालकाला नाही. रापण लागली की लाल बावटा, आणि सगळे पाण्याबाहेर, कितीही पैसे भरलेले असोत. केरळच्या कोवळमला एका क्लबात नियम होता म्हणे, शाळा नाही तर सर्फिंग नाही. आपल्याकडे त्यात भर घाला: रापणीच्या दिवशी दोराला हात लावल्याशिवाय फळी नाही.

भरतीओहोटी

पावसाळ्यातली बंदी शिथिल करा अशी मागणी उद्या याच संस्थेकडून आली तर? पैसा दिसला की तीही येते.

रापणकरांची लेक

आली तर मी पहिली आडवी येईन. जून-जुलैत समुद्र माशांचा असतो.

देवगडकरदादा, नोव्हेंबरात या. पहाटे पाचला, दहाला नाही. हातमोजे आणा, दोराने तळहात सोलतात.