नॅनोट्यूब टाकल्या की सेल शॉर्ट होतोय, काय चुकतंय?

कोथरूडचा_पोरगा: एमएस्सी फिजिक्सचं प्रोजेक्ट चालूय. सर म्हणाले लिक्विड क्रिस्टलमध्ये (एलसीडी स्क्रीनमध्ये असतो तसला द्रव) कार्बन नॅनोट्यूब, म्हणजे कार्बनच्या अतिबारीक नळ्या, टाकून बघ, स्विचिंग (व्होल्टेज दिल्यावर रेणू वळणं) सुधारतं. १ ग्रॅम ५सीबीत (हे आमचं लिक्विड क्रिस्टल) ५ मिलिग्रॅम मल्टीवॉल (एकात एक भिंतींच्या) ट्यूब टाकल्या, अर्धा तास सॉनिकेटर (ध्वनिलहरींनी गुठळ्या फोडणारं यंत्र), मग ५ मायक्रॉनच्या सेलमध्ये, म्हणजे दोन काचांमधल्या फटीत, भरलं. मायक्रोस्कोपखाली बघतो तर खसखस सांडल्यासारखे काळे ठिपके, आणि व्होल्टेज वाढवत नेलं की सेल शॉर्ट. नुसतं ५सीबी भरलं तर एकदम ओके चालतं.

सॉनिकेटरवाली_ताई: ०.५ टक्के?? अरे तर्री आहे का ती, वरून ओतायला! ०.०१ टक्क्यापासून सुरू कर. ट्यूब एकमेकींना भयंकर चिकटतात, व्हॅन डर वाल्स (रेणूंमधलं आकर्षण), जितक्या जास्त टाकशील तितके गुंते. आणि सॉनिकेटरच्या बाथचं पाणी गार होतं का? ५सीबी साधारण २३ ते ३५ डिग्रीतच निमॅटिक (रेणू एका दिशेला लागलेला गढूळ द्रव) असतं, ३५ च्या वर साधा स्वच्छ द्रव, आणि हल्ली सकाळी लॅबमध्ये बाटली उघडली तर पांढरं गोठलेलं सापडतं. बाथ ४० च्या वर ठेव, द्रव काचेसारखा स्वच्छ दिसला पाहिजे, मगच सॉनिकेट कर.

पेठेतला_काका: शॉर्टचं मी सांगतो. विसर्जनाच्या गर्दीत लक्ष्मी रोडवर लांब बांबू घेऊन शिरलास तर आडवा धरता येईल का? गर्दी ज्या दिशेला, त्याच दिशेला तो वळणार. ट्यूबचं तसंच. ५सीबीच्या रेणूतल्या बेंझिनच्या कड्या ट्यूबच्या षटकोनी जाळीवर चपखल बसतात, त्यामुळे रेणू जिकडे तिकडे ट्यूब. व्होल्टेज दिलंस की रेणू उभे राहतात आणि ट्यूबलाही उभं करतात. आता तुझा गुंता समज १० मायक्रॉनचा आणि सेल ५ चा, म्हणजे दोन्ही काचांच्या आयटीओला (वीज वाहणारा पारदर्शक थर) टेकला की झाली तार! फायदा म्हणशील तर द्रवात भटकणारे आयन ट्यूब धरून ठेवतात असं मानतात, म्हणून फील्ड कमी अडतं. पण त्यासाठी ट्यूब सुट्या हव्यात.

कोथरूडचा_पोरगा: काका, बांबू डोक्यात बसला 😄 पण ताई, १ ग्रॅमला ०.०१ टक्का म्हणजे ०.१ मिलिग्रॅम, आमच्या काट्यावर तर फुंकर मारली तरी आकडा हलतो.

सॉनिकेटरवाली_ताई: वजन करूच नको. १ मिलिग्रॅम १० मिली क्लोरोफॉर्ममध्ये सॉनिकेट कर, त्यातलं १ मिली लगेच घे, ट्यूब खाली बसायच्या आत, ५सीबीत मिसळ आणि फ्यूम हूडखाली (वाफा ओढून घेणारं कपाट) सगळं क्लोरोफॉर्म उडू दे. मग तापवून बघ, ३५ च्या बऱ्याच आधी स्वच्छ झालं तर क्लोरोफॉर्म अजून आत आहे. आणि सेल त्याच दिवशी भर रे, चार दिवसांनी परत खसखस.