मदत हवी आहे: जायंट्स या बेसबॉल संघाचा सार्वकालिक फलंदाजी क्रम, सलामीला कोण?

नमस्कार मंडळी,

बेसबॉल मनापासून बघणाऱ्यांनी जरा वेळ काढून वाचावं, ही विनंती. प्रश्न खेळाचाच आहे, पण माझ्यासाठी त्याहून मोठा आहे.

मी मूळचा मिरजेचा, सध्या सॅन मटेओला राहतो. इथे आलो तेव्हा मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. शेजारच्या आजोबांनी अख्खा मोसम मला सोबत बसवून खेळ शिकवला. जायंट्स न्यू यॉर्क सोडून सॅन फ्रान्सिस्कोला आले, त्यांचा इथला पहिला सामना १५ एप्रिल १९५८ ला सील्स स्टेडियममध्ये झाला. डॉजर्सना ८-० हरवलं. आजोबा तेव्हा १७ वर्षांचे होते आणि मैदानात होते. आता त्यांना ८५वं लागेल. नजर जवळजवळ गेली आहे, सामने रेडिओवर ऐकतात. वाढदिवसाला काय आणू असं विचारलं तर म्हणाले, "माझ्या टीमचे आजवरचे सर्वोत्तम नऊ फलंदाज क्रमाने वाचून दाखव. प्रत्येक जागेचं कारण मात्र सांगायचं."

त्यांचे नियम असे. न्यू यॉर्कचा काळही धरायचा. खेळाडूने जायंट्ससाठी किमान पाच मोसम खेळलेले हवेत, म्हणजे १९२७ चा एकच मोसम खेळून ०.३६१ ची सरासरी काढणारा रॉजर्स हॉर्न्सबी बाद. आणि ज्याला जिथे उभं करायचं, तिथे तो खरोखर खेळलेला हवा. डेजिग्नेटेड हिटर (डीएच), म्हणजे नुसती फलंदाजी करणारा, चालेल.

आउटफिल्ड (मैदानाची मागची बाजू) ठरल्यासारखं आहे: डावीकडे बॅरी बाँड्स, मध्ये विली मेज, उजवीकडे मेल ऑट. कॅचर बस्टर पोझी. सेकंड बेसला जेफ केंट, २००० चा एमव्हीपी (लीगमधला सर्वोत्तम खेळाडू). फर्स्ट बेसला दोघे आहेत. विली मकोव्ही (एकूण ५२१ होम रन म्हणजे मैदानाबाहेर मारलेले फटके, १९६९ चा एमव्हीपी) आणि बिल टेरी, ज्याने १९३० मध्ये ०.४०१ ची सरासरी राखली. नॅशनल लीगमध्ये त्यानंतर कुणालाच ०.४०० गाठता आलेली नाही. यातल्या एकाला डीएच केलं की दोघेही मावतात. थर्ड बेसला मॅट विल्यम्स धरलाय. शॉर्टस्टॉपला (सेकंड आणि थर्ड बेसमधली जागा) ट्रॅव्हिस जॅक्सन की जॉर्ज डेव्हिस, हे नक्की होत नाही.

खरी अडचण क्रमाची आहे. सलामीला कोण? माझ्या यादीत सगळे मधल्या फळीचे तोफखाने. मेज वेगवान होता, १९५६ ते १९५९ सलग चार वर्षं लीगमध्ये सर्वाधिक बेस त्याने चोरले, म्हणजे फटका नसताना पळून पुढचा बेस गाठला. पण त्याला पहिला पाठवला तर त्याच्यापुढे बेसवर कुणी असणार नाही, आणि ते मनाला पटत नाही. दुसरी गोष्ट, बाँड्स, ऑट, मकोव्ही, टेरी हे चौघेही डावखुरे. एकामागून एक आले तर समोरचा संघ डावखुरा पिचर (चेंडू टाकणारा) आणून सगळ्यांना एकदम बांधून ठेवेल.

बाँड्सवर उत्तेजक औषधांचा डाग आहे, हॉल ऑफ फेमने त्याला घेतलेलं नाही, हे मला ठाऊक आहे. आजोबांना तो हवाच आहे, त्यामुळे तो वाद इथे नको.

जाणकारांनी मार्गदर्शन करावं.

प्रतिसाद १

तुमचा चौथा क्रमांक आधी पक्का करा, बाकीचं त्याभोवती बसेल. मेज तिसरा, मकोव्ही चौथा. आजोबांच्या पिढीला १६ ऑक्टोबर १९६२ विसरता येत नाही. वर्ल्ड सिरीजचा सातवा सामना, यँकीज १-० ने पुढे, शेवटची इनिंग, दोन बाद, मेज सेकंडवर, अलू थर्डवर. मकोव्हीने सणसणीत मारलेला चेंडू थेट बॉबी रिचर्डसनच्या हातात गेला. तुमच्या यादीत तरी मकोव्हीला मेजच्या मागे पुन्हा बॅट मिळू दे.

बाँड्सला दुसरा पाठवा. २००४ मध्ये त्याला २३२ वॉक (चार वाईट चेंडूंमुळे फुकट मिळणारा पहिला बेस) मिळाले, त्यातले १२० तर मुद्दाम दिलेले. ऑन-बेस (बेसवर पोचण्याचं प्रमाण) ०.६०९. असा माणूस जितका वर तितक्या त्याच्या पाळ्या जास्त. क्रिकेटसारखं इथे एकदाच यायचं नसतं, नवव्यानंतर पुन्हा पहिला येतो. क्रमात एक जागा खाली सरकली की मोसमात साधारण १८ पाळ्या कमी होतात.

प्रतिसाद २

सलामीवीर तुमच्या यादीबाहेर बसलाय: बॉबी बाँड्स, बॅरीचा बाप. १९६८ ते १९७४ जायंट्समध्ये, म्हणजे पाच मोसमांची अट पूर्ण. १९६९ मध्ये ३२ होम रन आणि ४५ चोरलेले बेस. १९७३ मध्ये ३९ आणि ४३. शिवाय उजव्या हाताने खेळायचा.

पण तो राइट फील्डर, आणि तिथे ऑट आहे. म्हणून ऑटला थर्ड बेसवर आणा. नियमात बसतं: १९३८ मध्ये तो बहुतेक सामने थर्ड बेसवरच खेळला आणि त्याच वर्षी ३६ होम रनसह लीगमध्ये अव्वल होता. मॅट विल्यम्स बाहेर जाईल, त्याचं वाईट वाटतं, पण फलंदाजीच बघायची तर ऑटपुढे तो टिकत नाही.

प्रतिसाद ३

बॉबी बाँड्सबद्दल थोडं सावध. १९७० मध्ये तो १८९ वेळा स्ट्राइकआउट (तीन स्ट्राइकवर बाद) झाला, तेव्हाचा तो विक्रम होता. आणि ऑटच्या ५११ होम रनपैकी ३२३ घरच्या पोलो ग्राउंड्सवर आहेत, तिथे उजव्या टोकाची भिंत जेमतेम २५८ फुटांवर होती. म्हणून ऑट मला सहावा योग्य वाटतो, त्याहून वर नको.

शॉर्टस्टॉपला डेव्हिस घ्या. दोन्ही हातांनी खेळायचा, त्यामुळे नवव्या जागेवर कोणताही पिचर आला तरी अडचण नाही.

धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. रात्री बसून क्रम लावला, उजवा-डावा आपोआप आलटून पालटून बसला: बॉबी बाँड्स, बॅरी बाँड्स, मेज, मकोव्ही, पोझी, ऑट, केंट, टेरी (डीएच), डेव्हिस. ०.४०१ वाला टेरी आठवा, हे अजून खुपतंय. पण त्याला वर घेतला की दोन डावखुरे शेजारी येतात.

स्ट्राइकआउटचा मुद्दा मान्य. तरी बॉबी पहिलाच ठेवतोय. बाप, मागे मुलगा आणि त्याच्या मागे मेज. मेज हा बॅरीचा गॉडफादर, आणि बॉबीबरोबर याच टीममध्ये खेळलेला.

धागाकर्ता (चार दिवसांनी)

काल वाचून दाखवलं. तिसऱ्या नावावर त्यांनी हात वर करून थांबवलं आणि पहिली तीन नावं पुन्हा वाचायला लावली. मकोव्हीच्या वेळी १९६२ ची ती इनिंग त्यांनी मला चेंडूगणिक सांगितली. ऑटला थर्ड बेसवर उभं करणं त्यांना अजिबात पटलेलं नाही. "मी न्यू यॉर्कला नव्हतो, पण माझे वडील होते," म्हणाले. पुढच्या रविवारी विल्यम्सला घेऊन दुसरा क्रम वाचायचा ठरलाय. बॉबीला मात्र बाहेर काढायचं नाही, अशी ताकीद आहे. म्हणजे राइट फील्डला बॉबी, थर्डला विल्यम्स, आणि ऑट व टेरीपैकी एकच डीएच. कुणाला ठेवू?