मदत हवी आहे: बाबांसाठी घरी हॉस्पिस घ्यावं का? (कॅरी, नॉर्थ कॅरोलायना)

मिरजेची_लेक:

नमस्कार मंडळी. घाईत लिहितेय, विस्कळीत वाटलं तर सांभाळून घ्या.

बाबा ८१ वर्षांचे. मिरजेला एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाले, गेली काही वर्षं आई-बाबा आमच्याकडेच असतात. दोघांचं ग्रीन कार्ड आहे, पाच वर्षं पूर्ण झाल्यावर मेडिकेअर (इथला ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा) पार्ट ए आणि बी दोन्ही हप्ता भरून घेतलंय. बाबांचं हृदय आता फार थकलंय. पंपिंग १५-२० टक्क्यांवर आलंय आणि किडन्याही साथ देईनाशा झाल्यात. दिवाळीपासून अंगावर पाणी चढलं की हॉस्पिटल, उतरलं की घर, हेच चालू आहे. मध्ये होम हेल्थची नर्स आणि फिजिओ यायचे. फिजिओ बाबांना हॉलमध्ये वॉकर घेऊन फेऱ्या मारायला लावायचा. आता पलंगावरून खुर्चीत येईतो धाप लागते, फेऱ्या कसल्या.

गेल्या आठवड्यात कार्डिओलॉजिस्टने हॉस्पिसचा विषय काढला, म्हणजे आजार बरा करण्यामागे न लागता शेवटच्या काळात त्रास कमी ठेवणारी सेवा. इथल्याच एका ना-नफा संस्थेची बाई घरी येऊन फोल्डर देऊन गेली. त्यात नर्स, औषधं, पलंग हे तर आहेच, शिवाय स्वयंसेवक, चॅपलिन (धीर द्यायला येणारा धर्मोपदेशक), दुःखात असलेल्यांचे गट, लहान मुलांसाठी शिबिर, डिसेंबरात गेलेल्यांच्या नावाने झाडावर दिवे, लायब्ररीत मृत्युपत्रावर व्याख्यान, माजी सैनिकांचा सन्मान... एवढं सगळं वाचून मी गोंधळले. हा दवाखाना आहे की मंडळ?

आई म्हणते, "डॉक्टरांनी हात टेकले म्हणून आपणही माणसाला सोडायचं का?" पुण्याचा भाऊ फोनवर चिडला. त्याचं म्हणणं, मॉर्फिन देऊन झोपवून टाकतात, सही करू नकोस. बाबांना विचारलं तर "तुम्ही ठरवा" म्हणतात. खरं तर त्यांना काहीही विचारलं तरी "बरंय" हेच उत्तर येतं.

मला हे कळायला हवंय: घरी नेमकं कोण येतं आणि किती वेळ थांबतं? सही केली की परत हॉस्पिटलचं दार बंद होतं का? बाबांच्या छातीत आयसीडी बसवलंय, त्याचं काय? आणि आईला इंग्रजी जेमतेम, तिला या गटबिटांचा काही उपयोग होईल का? ज्यांनी हे घरात पाहिलंय त्यांनी कृपया लिहा.

रात्रपाळी:

ताई, मी ओहायोत हॉस्पिस नर्स आहे. तुमच्या प्रश्नांच्या क्रमाने लिहीत नाही, आधी आयसीडीचं सांगते, कारण ते बहुतेक घरांत राहून जातं. आयसीडी म्हणजे ठोका बिघडला की शॉक देणारं यंत्र. शेवटच्या दिवसांत ठोका बरेचदा बिघडतो, आणि ते यंत्र आपलं काम करत राहतं. माणूस शांत पडलाय आणि छातीत एकामागून एक शॉक, हे घरच्यांना बघवत नाही. शॉकचा भाग कार्डिओलॉजीकडून बंद करून घेता येतो. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही, बाहेरून प्रोग्रामर नावाच्या यंत्राने होतं. त्यातच पेसमेकर असेल तर तो भाग चालू ठेवता येतो. पहिल्याच भेटीत नर्सला सांगा.

आता मॉर्फिन. हृदयाच्या रुग्णाला ते मुख्यतः धापेसाठी देतात. जिभेखाली अगदी थोडं, थेंबांच्या मापाने. पाणी काढायच्या गोळ्या बहुतेकदा चालूच ठेवतात, कारण पाणी साठलं की धाप वाढते. बंद होतात त्या ज्यांचा आता उपयोग नाही, उदाहरणार्थ कोलेस्टेरॉलची गोळी. भावाला सांगा, औषधांची छोटी पेटी तुमच्याच फ्रीजमध्ये असणार, नर्स फोनवर सांगेल तेव्हा तुम्हीच काढून देणार. दिलेला प्रत्येक डोस वहीत लिहून ठेवायचा असतो.

हॉस्पिटलचं दार बंद होत नाही. मेडिकेअरचं हॉस्पिस कधीही सोडता येतं, लेखी द्यायचं आणि झालं. आधी ९० दिवसांचे दोन टप्पे, पुढे ६०-६० दिवसांचे, कितीही. दर टप्प्याला डॉक्टर लिहून देतात की आजार नेहमीच्या वाटेने गेला तर आयुष्य सहा महिने किंवा त्याहून कमी उरलंय. संस्था पटली नाही तर एका टप्प्यात एकदा बदलताही येते. मात्र त्याच आजारासाठी एकीकडे होम हेल्थ आणि दुसरीकडे हॉस्पिस असं होत नाही, म्हणजे तो फेऱ्यांवाला फिजिओ बंद.

टेकडीवरचा:

वर सगळं बरोबर आहे. फक्त "कोण किती वेळ थांबतं" याचं उत्तर मी देतो, कारण तिथेच आमची सगळ्यांत जास्त तारांबळ उडाली.

कोणी थांबत नाही.

नर्स आठवड्यातून एकदा-दोनदा येते. आंघोळ घालायला मदतनीस आठवड्यातून दोन-तीनदा, तीही तासाभरासाठी. सोशल वर्कर, चॅपलिन अधूनमधून. चोवीस तास असतो तो फोन. रात्री दोनला केला तरी नर्स उचलते आणि गरज असेल तर येते, हे मी सासूबाईंच्या वेळी अनुभवलंय. पण कूस बदलणं, डायपर, पाणी, रात्री तिसऱ्या प्रहरी जागणं, हे घरच्यांनीच. बाहेरून माणूस ठेवायचा तर आमच्याकडे तासाला ३०-३५ डॉलर पडायचे, ते मेडिकेअर देत नाही. म्हणून सही करण्याआधी घरातल्या पाळ्या कागदावर मांडा. कोण रात्री, कोण सकाळी, मुलं शाळेत कोण सोडणार.

दोन गोष्टी मात्र आहेत ज्या फोल्डरमध्ये बारीक अक्षरात असतात. एक म्हणजे रेस्पाईट: घरच्यांना विश्रांती मिळावी म्हणून रुग्णाला एका वेळी पाच दिवसांपर्यंत त्यांच्या केंद्रात किंवा नर्सिंग होममध्ये ठेवतात. दुसरी, दुखणं किंवा धाप आवरेनाशी झाली तर घरी सलग तासन्‌तास नर्स बसवतात, दिवसाला किमान आठ तास. मागितल्याशिवाय कोणी आपणहून देईलच असं नाही. मागा.

काथ्याकूट:

माझं मत वेगळं आहे. सहा महिन्यांचं लेबल एकदा लागलं की डॉक्टर हात आखडता घेतात. आणि या संस्थांपैकी बहुतेक आता नफ्यासाठी चालतात, हेही लक्षात घ्या. फोल्डर चकाचक असतं.

रात्रपाळी:

नफ्याचं खरं आहे, म्हणून संस्था निवडताना मेडिकेअरच्या साइटवर केअर कंपेअरमध्ये घरच्यांनी दिलेले गुण बघावेत. नर्सकडे किती रुग्ण असतात आणि शनिवार-रविवारी रात्री कोण येतं, हे दोन प्रश्न तोंडावर विचारावेत. उत्तर गुळमुळीत आलं की समजायचं.

सहा महिन्यांचं म्हणाल तर जिमी कार्टर फेब्रुवारी २०२३ मध्ये घरी हॉस्पिसमध्ये गेले. शंभरी गाठली, मतदान केलं आणि २९ डिसेंबर २०२४ ला गेले. सगळ्यांचं तसं होत नाही, उलट अनेक घरं इतक्या उशिरा बोलावतात की पलंग येईतो माणूस निघालेला असतो. पण तो आकडा म्हणजे तारीख नव्हे.

गवती_चहा:

मी अशाच एका संस्थेत स्वयंसेवक आहे, त्यामुळे "दवाखाना की मंडळ" वाचून हसू आलं. दोन्ही आहे हो! आणि त्यामागे नियम आहे. हॉस्पिसने रुग्णसेवेच्या तासांच्या निदान पाच टक्के तास स्वयंसेवकांकडून करून घ्यावेत, अशी मेडिकेअरची अट आहे. म्हणून या संस्था सतत लायब्ररीत, चर्चमध्ये, शाळेत जाऊन लोकांना भेटत असतात. काही दिवसांचं प्रशिक्षण, पोलीस तपासणी, क्षयाची चाचणी झाली की रुग्णाच्या घरी पाठवतात. मी औषधाला हात लावत नाही. दोन तास बसते, तेवढ्यात घरातली बाई बँकेत किंवा नुसती चालायला जाऊन येते.

दुःखात असलेल्यांचा गट हाही उपकार नाही. माणूस गेल्यावर वर्षभरापर्यंत कुटुंबाला आधाराची सोय देणं बंधनकारक आहे, बहुतेक संस्था तेरा महिने करतात. म्हणजे वर्षश्राद्ध होईपर्यंत फोन, पत्रं, गट. पुष्कळ ठिकाणी ते गट गावातल्या कुणालाही खुले आणि फुकट असतात, तुमचा माणूस त्यांच्याकडे होता की नव्हता हे विचारत नाहीत.

आता आईंचं. गोल करून बसायचं, एकेकाने बोलायचं, मध्ये टिश्यूचा डबा, हे आपल्या आयांना झेपत नाही. आमच्याकडच्या एका काकूंनी पहिल्या दिवशी सगळ्यांना चिवडा वाटला आणि एक शब्द न बोलता घरी आल्या. मग संस्थेच्या समुपदेशक बाईंनाच आम्ही मंडळाच्या भिशीला बोलावलं. त्या कोपऱ्यात बसून चहा प्यायल्या, मी भाषांतर करत होते, आणि त्या दिवशी त्याच काकू काकांच्या पेन्शनच्या कागदांवरून सुरू झाल्या त्या तासभर बोलल्या. असं काहीतरी विचारून बघा, संस्था सहसा तयार असतात, त्यांनाही आपल्या लोकांपर्यंत पोचायचंच असतं.

आणि दुभाषी मागा! सरकारी पैसा घेणाऱ्या संस्थेला भाषेची सोय विनाशुल्क द्यावी लागते. मराठी दुभाषी फोनवर मिळतो. प्रत्येक वेळी तुम्हीच मध्ये बोललात तर बाबा तुमच्यादेखत "बरंय" हेच म्हणणार. मुलीला काळजी नको म्हणून.

रात्रपाळी:

या शेवटच्या मुद्द्याला जोरदार अनुमोदन. माझ्याकडे एक गुजराती आजोबा होते, दहापैकी किती दुखतं विचारलं की नेहमी "दोन". एकदा मुलगा खोलीबाहेर असताना फोनवरच्या दुभाषी बाईने विचारलं तर "आठ". तेव्हापासून मी आकड्यापेक्षा कपाळाच्या आठ्या आणि चादर धरलेली मूठ बघते. तुम्हीही बघा.

वारजेकर:

तुमच्या भावासाठी. पुण्यात वारज्याला हायवेलगत सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर (त्रास कमी करण्याच्या उपचारांचं) सेंटर आहे, १९९७ पासून, कॅन्सरच्या रुग्णांसाठी, विनामूल्य. रुग्णासोबत घरचा माणूस राहतो. आजार वेगळा असला तरी मॉर्फिन कसं आणि कशासाठी देतात, हे तिथल्या डॉक्टरांइतकं नीट कोणी सांगणार नाही. भावाला म्हणावं वेळ ठरवून एकदा जाऊन ये. माझे वडील तिथे होते, मीही आधी असाच भांडलो होतो डॉक्टरांशी. आपल्याकडे एकूणच मॉर्फिनची भीती जुनी आहे. अमली पदार्थांच्या कायद्यामुळे दवाखानेच ते ठेवायला धजत नसत, २०१४ च्या दुरुस्तीनंतर परवान्यांची गुंतागुंत बरीच सुटली. पण डोक्यातली भीती कायद्याने थोडीच जाते.

अटलांटाकर:

धाग्याचा विषय थोडा वळवतोय, माफ करा. आई व्हिजिटर व्हिसावर आली असताना असं काही झालं तर?

गवती_चहा:

मेडिकेअर नाही मिळणार आणि प्रवासी विमा याला सहसा धरत नाही. पण ना-नफा संस्थांकडे देणग्यांचा निधी असतो, उत्पन्न बघून माफी किंवा सवलत देतात. सोशल वर्करलाच विचारा. त्या झाडावरच्या दिव्यांसाठी लोक देतात तो पैसा असाच खर्ची पडतो.

मिरजेची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल आईसमोर हा धागा मोठ्याने वाचला. चिवडावाल्या काकूंवर ती पहिल्यांदा हसली, मग म्हणाली, "त्या फोल्डरवाल्या बाईला सांग, येऊ दे." भावाने वारज्याला फोन केलाय, जाऊन येतो म्हणाला, अजून घुश्श्यातच आहे. परवा सकाळी नर्स दाखल करून घ्यायला येणार. आयसीडी, दुभाषी, रेस्पाईट, रात्रीची नर्स, सगळं कागदावर लिहिलंय. पाळ्याही लावल्यात, नवऱ्याने रात्रीची घेतली.

एकच अडचण उरली. पलंग हॉलमध्ये येणार आणि देवघरही तिथेच आहे. बाबांना ऑक्सिजनचं मशीन लागणार. आई सकाळ-संध्याकाळ निरांजन लावते, उदबत्ती असते. चालेल का?

रात्रपाळी:

अजिबात नाही. ऑक्सिजन चालू असलेल्या खोलीत ज्योत नको, उदबत्तीही नको, आणि तिच्या धुराने धाप वाढते ते वेगळंच. देवघर दुसऱ्या खोलीत हलवा किंवा त्या खोलीत तरी बॅटरीवरची समई ठेवा, इंडियन ग्रोसरीत मिळते. आई तयार नसतील तर नर्सकडून दुभाष्यामार्फत सांगा, घरच्यांपेक्षा पांढऱ्या कोटाचं ऐकतात. गॅसची शेगडी हॉललगत असेल तर तेही विचारा, नळीची लांबी किती ठेवायची ते मशीन बसवणारा सांगेल. आणि ओठ कोरडे पडले तर व्हॅसलीन लावू नका, ऑक्सिजनजवळ तेलकट काहीच नको. पाण्यावर आधारित जेल संस्थाच देते, पहिल्याच दिवशी मागून घ्या.

टेकडीवरचा:

पलंग येण्याआधी दाराची रुंदी मोजा. आमचा अडकला होता.