तुटलेला स्टड: इझी-आउटची घाई नको

दादा, इंजिनच्या मॅनिफोल्डचा (हवा-धुराच्या नळ्यांचा जोड) ८ एमएमचा स्टड, म्हणजे बिनडोक्याचा आटेदार बोल्ट, हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) तुटलाय आणि तुम्ही थेट इझी-आउट (तुटक्या तुकड्याला भोक पाडून त्यात रुतवायचं, उलटं फिरवून तो काढायचं हत्यार) घालायला निघालात. जरा थांबा. परभणीत मी हाच शहाणपणा केला होता. इझी-आउट कडक पोलादाचा, आतच मोडला, आणि त्यावर साधा ड्रिल नुसता घसरत राहिला. शेवटी हेड उतरवून वाळूजला स्पार्कवाल्याकडे (विजेच्या ठिणग्यांनी कडक धातू झिजवून काढणारा) न्यावं लागलं. स्टड केवढ्याचा अन् खर्च केवढा!

टोक थोडंही बाहेर असेल तर त्यावर नट ठेवून नटाच्या आतून वेल्डिंग भरा. हेड ॲल्युमिनियमचं असेल तर लोखंडाचं वेल्डिंग त्याला चिकटत नाही, आणि त्या तापण्यानंच गंजाची पकड सुटते. बॅटरीचं टर्मिनल मात्र आधी काढा, नाहीतर ईसीयू (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) जाऊ शकतो. लाली उतरली की गंज सोडवायचं तेल मारा, मग पाना लावून थोडं मागं, थोडं पुढं. एका दमात ओढलं की परत तुटणार. माझा दुसरा स्टड असाच निघाला, तिसऱ्यांदा नट चिकटवल्यावर! पहिल्या दोन वेळी नटच सुटून हातात आला होता.

आतच तुटला असेल तर बरोबर मध्यावर पंच मारून उलट्या पिळाचा ड्रिल लावून मशीन उलटी फिरवा. बऱ्याचदा भोक पडता पडताच तुकडा फिरून बाहेर येतो. हेडमधले आटे गेलेच तर हेलिकॉइल (नवे आटे देणारी, भोकात बसवायची तारेची गुंडाळी) आहेच.

टोक बाहेर आहे का आत? फोटो टाका.