'वणवा' नको, मग काय? आर्नहेम लँडच्या आगींसाठी मराठी शब्द

प्रश्न : उत्तर ऑस्ट्रेलियातल्या आर्नहेम लँडवर लेख लिहिते आहे. पावसाळा सरला की तिथले मूलनिवासी गवताला मुद्दाम लहान लहान आगी लावतात आणि त्यातूनच जंगल वाचवतात. याला 'वणवा' म्हणवत नाही. 'नियंत्रित जाळणी' फार सरकारी वाटतं. आणि 'रेंजर'चं काय करू?

उत्तर : 'वणवा' नकोच. वणवा लागतो किंवा कुणीतरी लावतो, पण मराठी कानाला त्यात नुकसानच ऐकू येतं. शिवाय तुमच्या लेखात खरा वणवाही येणार, त्याच्यासाठी तो शब्द राखून ठेवा. तिथे ऑगस्टनंतर गवत कडकडीत वाळतं, वारा सुटतो आणि आग दिवसचे दिवस पठारावर धावते. तो वणवा. मे-जूनमध्ये गवतात ओल असते, रात्री दव पडतं, त्यामुळे लावलेली आग बुटकी राहते आणि बहुतेकदा आपोआप विझते. मागे जळक्या-हिरव्या तुकड्यांची नक्षी उरते आणि पुढचा वणवा तिथे अडतो. विसाव्या शतकात माणसं पठार सोडून ख्रिस्ती मिशन आणि वस्त्यांकडे गेली, ही राखण थांबली आणि वणवे मोकाट सुटले. बर्डायल नाजमेरेक यांच्यासारखी वडीलधारी मूलनिवासी मंडळी शास्त्रज्ञांना सोबत घेऊन परतली, तेव्हा ती पुन्हा सुरू झाली.

म्हणून मी 'राखणीची आग' म्हणेन. शेताची राखण, रानाची राखण आपण म्हणतोच.

दुसरं मत : आमच्याकडे कोकणात 'राब भाजणे', 'तरवा भाजणे' आहे. तेही ऋतू बघून, मुद्दाम, जाणत्या हाताने. 'भाजणी' का नको?

उत्तर : शब्द जिवंत आहे, पण राब भाजतात तो भाताच्या रोपांसाठी, ठरलेल्या वाफ्यात. इथे पीक नाही. वनखात्याची 'जाळरेषा' (वणवा अडवायला आधीच जाळून ठेवलेला पट्टा) उद्देशाने जवळची आहे, पण ती पट्ट्यापुरती. इथे सगळ्या मुलखाचा विचार होतो. (तिथले लोक आपल्या भूमीला इंग्रजीत 'कंट्री' म्हणतात, त्यासाठीही 'देश' न लिहिता 'मुलूख' लिहा, कुळाच्या भूमीचा अर्थ त्यात बरा येतो.)

आता 'रेंजर'. महाराष्ट्रात रेंजर म्हणजे वनपरिक्षेत्र अधिकारी, खुर्चीतला माणूस. तिथला रेंजर त्या भूमीच्याच कुळातला असतो, पायी किंवा हेलिकॉप्टरमधून आग लावतो, पुढे वणवाही विझवतो. रेंजर नेमणाऱ्या वार्डेकेनसारख्या संस्था मूलनिवासींच्याच मालकीच्या आहेत. पगाराचा एक भाग कार्बनच्या पैशातून, म्हणजे वणव्यांतून हवेत जाणारे, पृथ्वी तापवणारे वायू कमी केल्याच्या मोबदल्यातून येतो. 2006 मध्ये डार्विनच्या वायुप्रकल्पाशी 17 वर्षांचा करार झाला : सुमारे 28,000 चौरस किलोमीटरमध्ये वर्षाला 1 लाख टन कार्बन डायऑक्साइडइतकं उत्सर्जन टाळायचं, बदल्यात वर्षाला साधारण 10 लाख ऑस्ट्रेलियन डॉलर. म्हणून 'वनरक्षक' हा सरकारी पदाचा शब्द इथे वापरू नका.

तिसरं मत : मग 'राखणदार'? गोव्यात, सिंधुदुर्गात राखणदार म्हणजे गावाची सीमा सांभाळणारा देव. वाचक गोंधळेल.

उत्तर : एका वाक्यात खुलासा केला की गोंधळ राहत नाही. उलट, आर्नहेम लँडच्या लोकांना आपल्या मुलखात पूर्वज वावरतात असं वाटतं, त्यामुळे ती छटा मला हवीशीच आहे.

प्रश्नकर्ती : मग असं लिहिते : 'मे महिन्यात राखणदार मुलखात राखणीची आग लावत फिरतात, ऑक्टोबरचा वणवा तिथेच अडतो.' पहिल्या वेळी 'राखणदार (रेंजर)' असं लिहीन, पुढे नुसतं राखणदार.