'टफनेस'ला टणकपणा म्हणावं का?

प्रश्न: नववीच्या मुलांसाठी सिरॅमिक (कपबशीसारखे भाजलेले पदार्थ), पॉलिमर (प्लास्टिकसारखे, रेणूंच्या लांब साखळ्यांचे पदार्थ) आणि हिरा यांचा तुलनातक्ता मराठीत करते आहे. 'हार्डनेस'ला काठिण्य घेतलं. 'टफनेस'ला टणकपणा चालेल? आणि पॉलिमरला बहुवारिक लिहू का?

उत्तर: टणकपणा नको. टणक पेरू, टणक लाडू म्हणजे बोटाने न दबणारा. हा शब्द काठिण्याच्याच घरातला. 'टफनेस'ला आपला चिवटपणा आहे. चिवट वस्तूत तडा गेला तरी तो सहजी पुढे सरकत नाही. त्याच्या उलट ठिसूळ.

काठिण्य म्हणजे ओरखडा न उठणं. खनिजतज्ज्ञ मोस यांच्या १८१२च्या काठिण्य-श्रेणीत गारगोटी ७, कुरुंद ९, हिरा १०. ही श्रेणी फक्त क्रम लावते. हिरा कुरुंदापेक्षा एका पायरीने नव्हे, कैक पटींनी कठीण आहे. पण चिवट? नाही. तुकोबांच्या अभंगातला हिरा ऐरणीवर घणाचे घाव सोसून वाचतो, आपल्या मनातही तोच बसलाय. खरा हिरा ठरावीक प्रतलांवर दुभंगतो. ३१०६ कॅरटचा कलिनन हिरा १९०८ साली ॲम्स्टरडॅमला जोसेफ ॲशर यांनी पात्यावर घाव घालूनच फोडला.

गंमत म्हणजे हिऱ्यातला कार्बन-कार्बन बंध आणि पॉलिथिनच्या पिशवीतला बंध जवळपास सारखाच, लांबी साधारण ०.१५४ नॅनोमीटर. हिऱ्यात प्रत्येक अणू चार शेजाऱ्यांना असा जखडलेला. पॉलिथिनमध्ये हे बंध साखळीपुरतेच. साखळ्या एकमेकींना क्षीण बलाने धरून असतात, त्यामुळे घसरतात. म्हणून पिशवी आधी लांबते, मग फाटते.

बहुवारिक विश्वकोशात आहे, एकदा द्या. पुढे पॉलिमरच लिहा, मुलं तेच म्हणणार.

दुसरं मत: चिवटपणाशी सहमत. पण सिरॅमिकच्या रकान्यात सरसकट 'ठिसूळ' लिहू नका. कपबशी ठिसूळ खरी, कारण तिच्यात धातूसारखे अणूंचे थर सरकत नाहीत. दातांच्या कॅपचा झिर्कोनिया मात्र सिरॅमिक असूनही बराच चिवट. तडा येऊ लागला की त्याच्या टोकाशी स्फटिकांची रचना बदलते, ते किंचित फुगतात आणि तडा आवळला जातो. सराफाकडचा 'अमेरिकन डायमंड'ही झिर्कोनियाच, पण घनाकृती रचनेचा. त्याला ही युक्ती जमत नाही.

प्रश्न: मग हिरा सिरॅमिकच्याच ओळीत टाकू? काही पुस्तकांत तसं दिसतं.

उत्तर: वेगळी ओळ ठेवा. सिरॅमिक बहुधा संयुग असतं, ॲल्युमिना म्हणजे ॲल्युमिनियम आणि ऑक्सिजन. हिरा नुसता कार्बन. शिवाय हिरा तांब्याच्या कितीतरी पट उष्णता वाहतो, कपबशीकडून ती अपेक्षाच नको.

आणि पॉलिमरपुढेही सरसकट 'चिवट' नको. पॉलिस्टायरीनची पारदर्शक फूटपट्टी वाकवली की कटकन मोडते, हे नववीतल्या कुठल्याही मुलाला ठाऊक असतं.