क्रायस्लर ते एम्पायर स्टेट: टॅक्सी कशाला?

न्यूयॉर्कमधल्या क्रायस्लर आणि एम्पायर स्टेट या गगनचुंबी इमारतींबद्दल कुणीतरी सल्ला दिलाय, 'दोन्ही इमारती एकाच दिवशी बघायच्या तर मध्ये टॅक्सी करा'. तो काही पटला नाही. अंतर जेमतेम सव्वा किलोमीटर. बाबांचे गुडघे दुखतात, तरी आम्ही रमतगमत अर्ध्या तासात पोचलो. त्या भागात टॅक्सी सिग्नललाच निम्मा वेळ उभी असते, मीटर मात्र पळत राहतो.

एक भर घालतो. क्रायस्लरहून निघाल्यावर सगळे ४२व्या रस्त्याने जातात. ग्रँड सेंट्रल रेल्वे स्टेशन बघायचं असेल तर ठीक, पण नंतर पार्क अ‍ॅव्हेन्यूपासून एक रस्ता दक्षिणेला सरकून ४१वा धरा. तिथून फिफ्थ अ‍ॅव्हेन्यूपर्यंत फुटपाथमध्ये पितळी दिसणाऱ्या कांस्याच्या पाट्या बसवल्यात, प्रत्येकीवर कुणा लेखकाचं वचन. बाबा दर चार पावलांवर थांबून मोठ्याने वाचत होते आणि मागची ऑफिसची गर्दी वळसा घालून जात होती! रस्ता संपतो तो थेट सार्वजनिक ग्रंथालयाच्या दगडी सिंहांसमोर. तिथल्या पायऱ्यांवर बसता येतं, हे गुडघेवाल्यांसाठी महत्त्वाचं.

पुढे डावीकडे वळून सरळ ३४व्या रस्त्यापर्यंत, तिथेच एम्पायर स्टेट. फोटो मात्र वाटेतच काढा, इमारतीच्या पायथ्याशी गेलं की मान मोडते आणि टोक काही दिसत नाही. क्रायस्लर १९३० ची, ३१९ मीटर. एम्पायर स्टेटने पुढच्याच वर्षी तिचा उंचीचा मान हिरावला. तरी देखणी कोण म्हणाल, तर माझं मत क्रायस्लरलाच.